पुण्याचे सांडपाणी, सोलापूरची घागर

उन्हाळा तापू लागला की भीमेवरील उजनी जलाशयाच्या पाण्यावर हिरवी झाक चढते आणि हे पाणी पिणाऱ्या सोलापूरकरांची तक्रार कानी येते. चार दिवस गवगवा होतो, पाऊस पडतो आणि प्रश्न वाहून जातो. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर प्रथम आपण पुणेकरांनी दिले पाहिजे. मुळा-मुठा भीमेस मिळते. आपल्या मोऱ्यांतून जे वाहते ते अखेर उजनीत साचते.

निरोगी जलाशयात डोळ्यांस न दिसणारी एक वस्ती नांदत असते. हिरवी शैवले व डायाटम या सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे रोटिफर, डॅफ्निया आदी जीव यांस शास्त्रज्ञ ‘प्लवक’ म्हणतात. माशांचा आहार येथूनच सुरू होतो. सांडपाण्यातील फॉस्फरस व नायट्रोजन वाढला म्हणजे ही वस्ती ओस पडत नाही, उलट दाटते. मात्र नाना जातींच्या जागी मोजक्या नील-हरित शैवलांचे राज्य येते. त्यांचे पुंजके सूक्ष्म जीवांस सहसा खाता येत नाहीत, काही शैवले विषारी असतात, आणि ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू सरतो.

शुद्धीकरण केंद्रे उभारली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील सिएटलचा अनुभव पाहावा. तेथील वॉशिंग्टन सरोवरात प्रक्रिया केलेलेच सांडपाणी सोडले जाई. तरीही १९५५ साली ऑसिलेटोरिया हे नील-हरित शैवल त्यात आढळले, कारण नेहमीच्या प्रक्रियेत फॉस्फरस बराचसा तसाच राहतो. प्राध्यापक एडमंडसन यांनी धोका समजावून दिला, नागरिकांनी १९५८ साली मतदानाने कौल दिला, आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी अन्यत्र वळविण्यात आले. सरोवर निवळले, १९७६ पासून तेथे डॅफ्निया विपुल झाला.

सिएटलजवळ समुद्र होता. आपणांस तो मार्ग नाही. म्हणून फॉस्फरस येथेच, केंद्रांतच काढून घेतला पाहिजे, आणि उजनीतील प्लवकांची नियमित गणना करून ती लोकांपुढे ठेवली पाहिजे. उसाच्या शेतांतील खतेही दोषी आहेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दुसऱ्याच्या दोषाने आपला दोष फिटत नाही. वरच्या काठाने स्वच्छ पाणी प्यावे आणि खालच्या काठाने त्याचे सांडपाणी गाळून प्यावे, हा न्याय सुसंस्कृत म्हणविणाऱ्या नगरीस शोभत नाही.