ट्राम गेली, रस्ता कोणाचा झाला?

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली ट्राम मुंबईची शेवटची ठरली. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. वाहतुकीला अडथळा म्हणून जिला हटवायचे ठरले, तिच्यासाठी शहराने एवढी गर्दी केली.

९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम आली ती घोड्यांची. कुलाब्याहून पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी असे तिचे पहिले मार्ग. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली, १९२० मध्ये दुमजली झाली. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ या वस्त्यांची दिनचर्या मग तिच्याच घंटेवर चालली. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकायचा. एक हात हँडलवर, पायाखाली घंटेची कळ. समोर हातगाडी आडवी आली की टाच आपटायची, ठणठणाट करायचा आणि जोडीला दोन शब्द सुनवायचे. ट्रामने मार्गाचे टोक गाठले की कंडक्टर खाली उतरून, दोरी ओढत तारेवरचा दांडा उलट्या दिशेला फिरवायचा. पोराटोरांना ती फुकटची करमणूक होती.

ट्राम रमतगमत चाले. दुकानाच्या पाट्या वाचता येत, इराण्याच्या हॉटेलात कोण बसले आहे ते खिडकीतूनच दिसे, ओळखीचा भेटला तर सावकाश उतरता येई. गिरणीकामगार, कारकून, फडके बांधलेली टोपली घेतलेली बाजारकरीण आणि नाटकाला निघालेले कुटुंब एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसत, कारण आण्या-दोन आण्यांचा प्रवास सर्वांच्याच आवाक्यातला होता.

हे सारे आठवताना त्या काळाला उगीच सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. गर्दीच्या वेळी माणसे तेव्हाही लोंबकळतच जात. गाड्या जुन्या झाल्या होत्या, बसला मार्ग बदलता येई, ट्रामला रूळ सोडता येत नसे. ट्राम बंद करणाऱ्यांची ही कारणे खोटी नव्हती. खोटे होते ते गृहीतक: रस्त्याच्या मधून शेकडो माणसे वाहून नेणारी गाडी हा अडथळा आणि एकट्या मालकाला घेऊन जाणारी मोटार ही वाहतूक! रूळ गेले, मोकळी झालेली जागा मोटारींनी केव्हाच गिळली.

आता तीच भाषा बसच्या वाट्याला आली आहे. शहराची बससेवा चालवणारी बेस्ट तोट्यात, बसमुळे कोंडी, डेपोच्या जागेचा ‘विकास’ करा. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचावरून थेट दहा रुपये झाले. जुनी लाल दुमजली बस २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हाही तिच्याबरोबर फोटो काढायला झुंबड उडाली होती. दुसरीकडे, जिथून ट्राम जायची त्या गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून आज भुयारी मेट्रो धावते आहे. मेट्रो हवीच, पण वरचा रस्ता मोटारींना आंदण देऊन सामान्य माणसाला जमिनीखाली धाडणे, हे नियोजन नव्हे.

आपले प्रेम वाहन मोडीत निघाल्यावरच उफाळून येते. ट्रामची खरी आठवण ठेवायची तर बेस्टचा तोटा हा शहर चालवण्याचा खर्च म्हणून महापालिकेने अंदाजपत्रकात सरळ मांडावा, गर्दीच्या मार्गांवर बससाठी वेगळी मार्गिका आखावी आणि तिच्यात घुसणाऱ्या मोटारीला, ती कोणाचीही असो, दंड करावा.