‘चालत नाही’ एवढ्याने भागत नाही

आज कोल्हापुरात लहानशा कापड दुकानातही बिल संगणकावर निघते. पूर्वी बेरीज चुकली तर मुनीमजी ती खोडून दुरुस्त करीत. संगणकातील चूक अशी खोडता येत नाही, आणि ती एका बिलावर थांबतही नाही. त्या तऱ्हेच्या प्रत्येक बिलात होत राहते. अशा वेळी काय करावे, याचा आमचा अनुभव व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के होता. आता २,५०० पर्यंत ५ टक्के व त्यावर १८ टक्के आहे. बिलात दिलेली सूट वजा करून उरेल ती किंमत यासाठी धरायची असते. आम्ही २,७०० रुपयांची एक शेरवानी १० टक्के सूट देऊन २,४३० ला विकली. ५ टक्क्यांनी कर १२१ रुपये ५० पैसे व्हायला हवा होता. संगणकाने १८ टक्क्यांनी ४३७ रुपये ४० पैसे लावला. म्हणजे गिऱ्हाइकाकडून ३१५ रुपये ९० पैसे जादा घेतले गेले. हे ध्यानात येईपर्यंत अशी बरीच बिले होऊन गेली होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना आम्ही फोन केला, “कर बरोबर येत नाही.” ते म्हणाले, “आमच्याकडे तर बरोबर येतो.” चार दिवस हेच चालले. शेवटी पुण्यात संगणकाचे काम करणारा आमचा भाचा म्हणाला, “मामू, बरोबर येत नाही म्हणजे नेमके काय? बिल नंबर सांगा. काय टाकले, काय आले आणि काय यायला हवे होते, एवढे लिहून पाठवा.” आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजीत तक्रार कशी लिहावी, या संकोचाने आम्ही गप्प होतो. पण या कामाला इंग्रजी लागत नाही, आकडे लागतात. ते आम्ही आयुष्यभर लिहीत आलो आहोत.

तक्रार अशी लिहून गेल्यावर तिला नंबर मिळाला. तेच बिल त्यांनी आपल्या संगणकावर करून पाहिले, तेव्हा तीच चूक त्यांनाही दिसली. जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही, तिच्यावर इलाज करणे फार अवघड असते. दोष असा निघाला की कराचा दर आधी ठरत होता आणि सूट नंतर वजा होत होती. एका मुलाने संध्याकाळपर्यंत तो क्रम बदलून दिला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील माल परत आला. जुन्या बिलाचा माल परत घेताना जुनाच दर लागतो. संगणकाने नवा लावला! घाईच्या दुरुस्तीने दुसरीकडे भोक पाडले होते.

आमच्या इचलकरंजीत माग दुरुस्त करतो तो जॉबर. पण त्या मागावरचा ताका बरा आहे की नाही, हे घडी करताना तपासणारा दुसरा माणूस ठरवतो. सॉफ्टवेअरचेही तसेच हवे. बदल आधी वेगळ्या प्रतीवर करावा. तो दुसऱ्या जाणकाराने ओळीओळीने वाचावा, शंका विचाराव्यात. नेमके २,५०० चे बिल, १,५०० चे दोन नग, सुटीचे बिल, परतीचा माल, असे सर्व नमुने चालवून पाहावेत. मगच तो दुकानांत पाठवावा. दुसऱ्या खेपेस आमच्याकडे असेच झाले आणि काम पक्के झाले.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार, तिच्यावरचा बदल आणि तपासणाऱ्याचे शेरे कोणालाही उघडून पाहता येतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये तर दुरुस्तीच्या नोंदीत चूक कळवणाऱ्याचे नावही लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे तक्रार करणारा हा कटकट्या नसून कामातील भागीदार मानला जातो.

तक्रार दाबली तर काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथे टपाल खात्याची लहान कार्यालये चालवणारे लोक सांगत होते की होरायझन नावाची संगणक प्रणाली खोटी तूट दाखवते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली कुटुंबेही होती. प्रणालीत दोष होते, हे २०१९ मध्ये हायकोर्टाने मान्य केले. शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये कायदाच करावा लागला.

आमच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना बोलावून आम्ही जादा रक्कम परत केली. पण रोखीने माल नेणाऱ्या कित्येकांची नावेही आमच्याकडे नाहीत. ते ओझे आमच्यावर राहिले आहे.

म्हणून आमचे सांगणे असे : रोज चार-दोन बिले हाताने ताडून पाहा. चूक दिसली तर पेनाने दुरुस्त करून गप्प बसू नका. बिल नंबरासह लिहून कळवा, तक्रारीचा नंबर घ्या. आणि दुरुस्ती झाली असे सांगणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : “तपासली कोणी?”