शिरोरेषेची परीक्षा

संगणकाचा नवा मॉनिटर घेताना आपण ठिपक्यांचा आकडा विचारतो. ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके! पण आकडा मोठा, म्हणजे वाचन सुखाचे, ही समजूत अर्धवट आहे.

२७ इंची अशा पडद्यावर एका इंचात सुमारे १६३ ठिपके बसतात. त्यामुळे २० ठिपके उंचीचे अक्षर तेथे जेमतेम ३ मिलिमीटर भरते. म्हणून आपण आकार १५० टक्के करतो आणि गणित अडते. एक ठिपका जाडीची रेघ आता दीड ठिपक्याची हवी. पण अर्धा ठिपका रंगवता येत नाही.

‘शीव’ हाच शब्द घ्या. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाच्या हद्दीवरचे गाव म्हणून ते शीव. या शब्दाची शिरोरेषा दोन ठिपक्यांच्या शिवेवर पडली, की संगणक एक ओळ काळी व शेजारची करडी करतो आणि रेघ पुसट दिसते. २०० टक्क्यांना एकाचे नेमके दोन होतात. तेथे ही अडचण नाही.

पुस्तकाचे पान उभे असते, म्हणून काही जण मॉनिटरही ९० अंशांनी फिरवतात. बहुतेक पडद्यांत प्रत्येक ठिपका तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून काही संगणकप्रणाली या पट्ट्या कमीअधिक उजळतात. पडदा फिरवला, की पट्ट्या आडव्या होतात. प्रणालीने याची दखल घेतली नाही, तर कान्याच्या कडांना रंगीत झाक येते.

ठिपके दाट असले, की हे दोष कमी जाणवतात, हे खरे. तरी बारीक मजकुरात अनुस्वार व शिरोरेषा यांमधली फट बुजू शकते. रोमन लिपीला शिरोरेषाच नाही. तेव्हा इंग्रजी मजकूर स्वच्छ दिसला, म्हणून मराठीही दिसेल, असे धरून चालू नये. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या प्रत्येक आकारासाठी निराळा खिळा ओतत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरे नावाजली गेली, ती अशाच मेहनतीमुळे.

म्हणून माझे म्हणणे असे, की शाळेने मॉनिटर आकड्यावरून नव्हे, तर मराठी मजकुरावरून पारखावा. शिक्षकांनी एकच उतारा १००, १५० व २०० टक्क्यांना, पडदा आडवा आणि उभा ठेवून दाखवावा. विद्यार्थ्यांनी भिंगातून शिरोरेषा पाहून नोंदी कराव्यात. त्या पडद्याकडे तासन्तास पाहायचे आहे ते त्यांनाच. निवडीत त्यांच्या नोंदवहीलाही मत असावे.