विरहाची आरती पुरे!

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदलदिनाचा सोहळा मालवणनजीक तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. समुद्रात युद्धनौका, माथ्यावर विमाने आणि वाळूत लोटलेला जनसमुदाय, असा तो थाट होता. १९७१ साली कराचीवर झालेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. त्या आनंदावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्या दिवशीच्या विस्मरणावर.

त्या युद्धात, ५ डिसेंबर १९७१ रोजी, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई विमान पाकिस्तानातील शोरकोट येथे पाडले गेले. ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला तेव्हा अवघे दीड वर्ष झाले होते.

अशी कथा हाती आली की आमचे वक्ते व लेखक काय करतात? आकाशात एकटा उडणारा वीर, त्याच्या मनात घरच्या प्रियेची मूर्ती, इकडे उंबऱ्यावर तिष्ठणारी ती. एवढी सामग्री मिळाली की दोन अश्रू ढाळून मंडळी मोकळी होतात. या रसिकतेला मेघदूताचा आधार सांगण्यात येतो. परंतु ज्या रामगिरीला विद्वान आपले रामटेक मानतात, तेथील यक्षाच्या शापाला एक वर्षाची मुदत होती. मेघ दिसला तेव्हा तर चारच महिने उरले होते. परतीचा दिवस ठाऊक असेल तर विरह हा शृंगार आहे. जेथे मुदतच नाही, तेथे त्याला शृंगार म्हणणे हे क्रौर्य होय. प्रवासी पतीची वाट किती वर्षे पाहावी याला मनुस्मृतीनेदेखील आठ, सहा व तीन वर्षांच्या मर्यादा घातल्या आहेत. आम्ही मात्र निष्ठेच्या नावाखाली अर्धशतकाची प्रतीक्षा कौतुकाने मोजतो!

या स्तुतीत एक लबाडी आहे. वाट पाहणे हा तिचा गुण ठरविला, की उत्तर देणे हे दुसऱ्या कोणाचे कर्तव्य होते याचा विसर पडतो. पाकिस्तानचे युद्धकैदी व नागरिक मिळून सुमारे ९३ हजार माणसे भारताने परत पाठविली. आपल्या ५४ बेपत्तांचा जाब मात्र पदरात पडला नाही. १९८३ व २००७ साली त्यांचे आप्त पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच त्या देशाचे म्हणणे राहिले.

यावर कोणी शहाणा म्हणेल, ‘इतक्या वर्षांनी जुनी जखम कशाला उकरता?’ जखम भरली असेल तर ती उकरली जाईल! सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या माणसाला कायदा मृत गृहीत धरतो; पण गृहीत धरणे म्हणजे जाणणे नव्हे. तो गेला असेल तर कोठे, कसा, हे पुराव्यानिशी सांगा. शोकालादेखील पाय टेकावयास जमीन लागते.

पुराणातली दमयंती तरी नुसती बसून राहिली होती काय? नळाच्या शोधार्थ तिने देशोदेशी ब्राह्मण धाडले, आणि तिच्यामागे तिच्या पित्याचे राज्य उभे होते. आमच्या किनाऱ्यावरील गाबितांना हे शिकवावे लागत नाही. वादळात एखादी होडी परतली नाही, तर घरधनिणीच्या निष्ठेवर पदे रचीत कोणी बसत नाही. दर्या शांत होताच शेजारच्या होड्या शोधाला निघतात. माणूस सापडला तर घरी आणतात, न सापडला तर तसे घरी येऊन सांगतात. राष्ट्राने निदान एवढे शेजारपण तरी पाळावे. ते होईपर्यंत विरहाच्या आरत्या आम्ही बंद ठेवाव्यात, हे बरे.