समजून घ्या : हॅम रेडिओच्या व्हीएचएफ स्पर्धेत डोंगर का गाठतात?

मोबाईल टॉवर बंद पडले, तर गावचा निरोप तालुक्याला कसा पोहोचणार? हॅम रेडिओच्या व्हीएचएफ स्पर्धेत खेळता खेळता याचीच तालीम होते.

स्पर्धा कशी असते?
ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी थेट बोलायचे. प्रत्येक संपर्कात कॉलसाइन आणि ग्रिड चौकोन सांगून नोंद ठेवायची. भोकरदन शहर ‘एमएल७०’ चौकोनात येते. बहुतेक स्पर्धांत रिपीटरमार्फत झालेले संभाषण धरत नाहीत.

उंची का हवी?
भारतात हॅमसाठीचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा यात वापरतात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाटीवर १० मीटर उंच अँटेनाचा पल्ला साधारण १३ किलोमीटर; ३०० मीटर उंचीवरून तोच ७० किलोमीटर. समोरचे केंद्रही उंचावर असेल तर अंतर आणखी वाढते. धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आहे. गावातून उत्तरेकडे डोंगर आडवा येतो, पण रांगेच्या कडेवरून खानदेशची बाजू मोकळी होते.

कोण भाग घेऊ शकतो?
वय किमान १२ वर्षे हवे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. वॉकीटॉकी ऑनलाइन सहज मिळतो, पण परवान्याशिवाय त्यावरून हॅमच्या पट्ट्यात बोलणे बेकायदा आहे.

फायदा काय?
२००१च्या भूज भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅमनी निरोप पोहोचवले. कोणत्या टेकडीवरून आवाज कुठवर जातो आणि बॅटरी किती तास टिकते, हे संकटाआधीच माहीत असावे लागते. स्पर्धेत ते कळते.