दुसरा डोस राहू नये

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, बालके दगावली. बाधितांत लस न घेतलेली मुले बरीच होती. लशीतील दुर्बळ केलेला विषाणू शरीराला खऱ्या विषाणूची आधीच ओळख करून देतो. मात्र पहिल्या डोसने सर्वच मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. शंभरातल्या किमान ९५ मुलांना दोन्ही मिळाले, तरच साथ थोपते. इंदुरी परिसरात तळेगाव-चाकणच्या कारखान्यांसाठी कुटुंबे येतात-जातात. बिऱ्हाड हलले की दुसरा डोस राहून जातो. पालकांनो, लसीकरण कार्ड जपा, नव्या गावी आशाताईंना दाखवा. राहिलेला डोस सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत मोफत मिळतो.