तराजू कशाला?

‘सर, गोष्ट असलेला व्हिडिओ गेम चालेल ना?’ असे पालक विचारतात. गोष्ट एकीकडे, खेळ दुसरीकडे, हा तराजूच मला मान्य नाही. अर्धा तास चित्रपट दाखवून मग मुलाच्या हाती बंदूक द्यायची, याला समतोल म्हणतात? ही तर वाटणी!

लुकस पोपचा २०१३ मधला ‘पेपर्स, प्लीज’ पाहा. खेळणारा सीमानाक्यावरचा तपासनीस. जितकी माणसे तपासाल तितका पगार. त्यातच घरच्यांचे अन्न, औषध, ऊब. (कागदाचे वजन आपल्या सीमाभागात कोणाला सांगायला नको.) नवऱ्याचे कागद चोख, मागे उभ्या बायकोकडे प्रवेश-परवाना नाही. तिला सोडाल तर ठपका, आणि दिवसातल्या तिसऱ्या ठपक्यापासून पगारात काट. शिक्का तुमच्या हातात. आता यातली गोष्ट वेगळी काढून दाखवा!